साडेतीन सीसी: शर्यतीच्या बोटीतल्या छोट्या इंजिनाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, "खेळण्यातल्या बोटीच्या इंजिनावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. या टेबलावर जे इंजिन ठेवलं आहे ते मुठीत मावतं. त्याचं आकारमान साडेतीन सीसी. औषधाच्या बाटलीबरोबर जो चमचा मिळतो त्यात पाच मिलिलिटर मावतात, त्याहूनही हे कमी. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना लुना आठवत असेल. १९७२ साली आलेली ती लुना पन्नास सीसीची होती. म्हणजे हे इंजिन लुनाच्या चौदाव्या हिश्श्याचं. आणि तरी ते मिनिटाला तीस हजार फेरे घेतं, आणि बनवणारे लोक त्याच्यासाठी दोन-अडीच अश्वशक्तीचा दावा करतात.

हे कसं जमलं? एका दिवसात नाही, आणि एका माणसाच्या डोक्यातूनही नाही. यामागे सुमारे शंभर वर्षं आहेत. त्यात लंडनच्या बागेतलं तळं आहे, जर्मनीतला क्षेपणास्त्रांवर काम केलेला अभियंता आहे, आपलं घरगुती एरंडेल आहे. आणि आज, गेल्या काही वर्षांत, युरोपातल्या एका कायद्यामुळे हे इंजिन पुन्हा नव्याने मांडायची वेळ आली आहे. तिथपर्यंत आज आपल्याला जायचं आहे.

तळ्याकाठची सुरुवात

आपल्याकडे जत्रेत पत्र्याची बोट मिळायची, अजूनही क्वचित मिळते. आत मेणबत्तीचा तुकडा किंवा तेलाचा दिवा लावायचा, मागच्या दोन नळ्यांत पाणी भरायचं, आणि परातीत सोडली की ती फटफट करत गोल फिरायची. यंत्राने चालणारी बोट म्हटली की आपली पहिली ओळख ती. इंग्लंडमध्ये हीच हौस मोठ्या माणसांनी गंभीरपणे घेतली. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात १९०४ साली मॉडेल स्टीमबोट क्लब निघाला. १९२४ मध्ये अशा क्लबांची मॉडेल पॉवर बोट असोसिएशन ही संघटना झाली. त्याआधीच, १८९८ पासून, 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं नियतकालिक घराघरातल्या लेथवर काम करणाऱ्या मंडळींना नकाशे पुरवत होतं.

त्या काळी रेडिओवर चालणारी बोट नव्हती. तळ्याच्या मध्ये एक खांब, खांबाला तार, तारेला बोट. बोट खांबाभोवती गोल फिरायची आणि काठावरचा माणूस हातात घड्याळ धरून फेरे मोजायचा. वळवायचा प्रश्न नाही, थांबवायचाही नाही. प्रश्न एकच, वेग. आधी वाफेवर, मग पेट्रोलवर. एडगर वेस्टबरी हे त्या नियतकालिकातले मोठं नाव. लहान पेट्रोल इंजिनांचे त्यांचे आराखडे पुढे कितीतरी वर्षं लोक घरी ओतीव भाग आणून पूर्ण करत राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे सारखी येणार आहे. शर्यत सुरू झाली की गट पाडावे लागतात, नाहीतर ज्याचं इंजिन मोठं तो जिंकतो. गट पाडले की सीसीची मर्यादा येते. आणि मर्यादा आली की डोकं चालवावं लागतं. या सगळ्या इतिहासाची गाडी अशा मर्यादांच्या रुळावरून धावली आहे.

ठिणगीचं ओझं

पहिली मर्यादा वजनाची. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी, आणि क्रँकवर उघडझाप करणारे पॉइंट. अमेरिकेत १९३० च्या दशकात ब्राउन ज्युनिअर नावाचं इंजिन गाजलं. ते साधारण दहा सीसीचं होतं. मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या घराण्यातलं इंजिन लावून विमान उडवलं, तेव्हा रबरावर उडणाऱ्या विमानांची सद्दी संपल्याचं सगळ्यांना कळलं. पण इंजिनाइतकंच वजन ठिणगीच्या सामानाचं. विमानाला वजन नको आणि बोटीला, त्याहून वाईट, ओलावा नको. ज्यांनी पावसाळ्यात जुनी स्कूटर तिरकी करून किका मारल्या आहेत त्यांना ओल्या प्लगचं दुःख वेगळं सांगायला नको. बोट तर कायमच पावसाळ्यात असते!

यावर दोन उत्तरं आली. पहिलं स्वित्झर्लंडमधून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ठिणगीच नको, हवा इतकी दाबा की इंधन आपोआप पेटेल. त्यासाठी इंधनात ईथर घालायचे. ही 'मॉडेल डिझेल' इंजिनं युरोपात खूप चालली. टॉर्क उत्तम, पण फार वरच्या फेऱ्यांना ती दम टाकायची.

दुसरं उत्तर अमेरिकेतून आलं, १९४७ साली. रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. दिसायला स्पार्क प्लगचा धाकटा भाऊ, पण आत ठिणगीची फट नाही. प्लॅटिनमच्या तारेची बारीक वेटोळी. सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावायचा, तार लाल होते, इंजिन पेटतं, आणि सेल काढून घ्यायचा. पुढे तार आपोआप लाल राहते.

आपोआप कशी? इथे रसायनशास्त्र मदतीला येतं. हंफ्री डेव्ही यांनी १८१७ च्या सुमारास पाहिलं होतं की गरम प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायूत धरली तर ज्योत नसतानाही ती तापलेलीच राहते. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही, ते फक्त जुळवून आणतं. लग्नातल्या मध्यस्थासारखं म्हणा. १८२३ मध्ये ड्योबेरायनर यांनी याच गुणावर दिवा पेटवायचं यंत्र केलं होतं. म्हणजे ग्लो प्लगचं तत्त्व सव्वाशे वर्षं पडून होतं. ते उचललं गेलं ते बॅटरीचं ओझं नको झालं म्हणून.

पण त्याची किंमत होती. प्लॅटिनमची ही सोयरीक मिथेनॉलशी जमते, पेट्रोलशी नाही. म्हणून इंधन बदललं.

डब्यात काय असतं

आता या डब्याकडे या. यात तीन पदार्थ: मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन.

मिथेनॉल म्हणजे तेच, विषारी दारूकांडाच्या बातम्यांत आपण ज्याचं नाव वाचतो ते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं त्याने गेली. शिवाय त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. त्यामुळे या छंदात हातमोजे आणि बादलीभर पाणी ही चैन समजू नये, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगतो.

तेल कशाला? हे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल पंपावर स्कूटरवाले 'टू-टी ऑइल' घालून घ्यायचे, तोच प्रकार. इंधनाबरोबरच वंगण जातं. पण खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. एरंडेल विरघळतं. आणि एरंडेलाचा दुसरा गुण असा की इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तरी ते धातूला चिकटून राहतं. आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल जगातल्या सगळ्यात वेगवान छोट्या इंजिनांना वाचवत आलं आहे. जगात एरंडी सर्वांत जास्त पिकते ती भारतात, त्यातही गुजरातेत. शर्यत कुठल्याही देशात असो, डब्यात आपल्याकडचं काहीतरी असण्याची शक्यता बरीच. आता कृत्रिम तेलंही वापरतात, पण थोडं एरंडेल बहुतेक जण ठेवतातच.

आणि तिसरा, नायट्रोमिथेन. 'नायट्रो इंजिन' हे नाव त्यावरून. लोकांचा समज असा की हे फार जहाल इंधन असणार. गंमत अशी की किलोमागे उष्णता पाहिली तर ते अगदीच गरीब आहे. पेट्रोलच्या किलोत सुमारे ४४ मेगाज्यूल, मिथेनॉलमध्ये २० च्या आसपास, आणि नायट्रोमिथेनमध्ये जेमतेम ११. मग उपयोग काय? खरी मेख हवेत आहे. इंजिनाला एका फेऱ्यात साडेतीन सीसीच हवा ओढता येते, ती मर्यादा पक्की. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या जवळपास, आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू आहे, ते डबा घरून घेऊन येतं. मग एक किलो हवेमागे किती उष्णता निघते ते पाहा: पेट्रोल आणि मिथेनॉल दोन्ही तीन मेगाज्यूलच्या आसपास, नायट्रोमिथेन साडेसहा. दुपटीहून जास्त.

म्हणजे सीसी न वाढवता ताकद वाढवायची युक्ती. नियमाच्या चौकटीत बसून नियमाला दिलेली बगल. आणि ती जगभर रूढ झाली.

वाट बदलली

इंधन झालं. आता धातूकडे येऊ.

टू-स्ट्रोकमध्ये झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली आला की खिडक्या उघडतात. एकीकडून धूर बाहेर जातो, दुसरीकडून ताजं मिश्रण आत येतं. दोन्ही एकाच वेळी. एसटीत चढणारे आणि उतरणारे एकाच दारात भेटतात तशी स्थिती. ताजं मिश्रण धुराबरोबरच बाहेर पळू नये म्हणून जुन्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असायचा, मिश्रणाला वर ढकलणारा. पण त्या उंचवट्यामुळे पिस्टन जड व्हायचा, वाकडातिकडा तापायचा आणि ज्वलनकक्षाचा आकार बिघडायचा.

जर्मनीत अडोल्फ श्नुर्ले यांनी १९२० च्या दशकात वेगळी कल्पना मांडली. दोन बाजूंच्या खिडक्या अशा तिरक्या कापायच्या की मिश्रणाचे दोन झोत धुराच्या खिडकीकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर एकत्र येतील, तिथून वर चढतील आणि वळसा घेऊन खाली येतील. उंचवटा नको, पिस्टन सपाट. डीकेडब्ल्यूच्या मोटारसायकलींत ही रचना १९३० च्या दशकात आली.

छोट्या इंजिनांत मात्र ती यायला १९६० चं दशक संपावं लागलं. का? कल्पना माहीत नव्हती असं नाही. सोळा-सतरा मिलिमीटर व्यासाच्या नळीत, ठरलेल्या कोनात, तिरकी खिडकी कापायची कशी, हा सवाल होता. इतिहासात आपण शोधाची तारीख लिहितो. हत्यार कधी आलं ती तारीख लिहीत नाही. खरं वळण बहुतेक वेळा तिथे असतं.

पाइपाची गोष्ट

आता या इंजिनाला मागे जोडलेला हा पाइप पाहा. मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता. सायलेन्सर वाटतो, पण याचं काम आवाज कमी करणं हे नाही.

याची गोष्ट पूर्व जर्मनीत सुरू होते. वॉल्टर काडेन हा अभियंता युद्धकाळात क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. युद्धानंतर तो त्शोपाऊ गावातल्या एमझेड कारखान्यात मोटारसायकलींच्या शर्यत विभागात आला. पैसा नाही, चांगला धातू नाही, पश्चिमेकडचे सुटे भाग मिळत नाहीत. त्याच्याकडे होती ती लहरींची समज. धूर बाहेर पडतो तेव्हा त्याबरोबर दाबाची एक लहर पाइपातून धावते. पाइप रुंद होत गेला की लहरीची उलटी, ओढणारी बाजू परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून काढते. पुढे पाइप निमुळता झाला की दाबाची लहर परतते आणि बाहेर पळालेलं ताजं मिश्रण ढकलून पुन्हा आत घालते. एसटीच्या दारातून चुकून उतरलेल्या माणसाला कंडक्टरने दंडाला धरून परत चढवावं तसं. १९६१ पर्यंत काडेनच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरमागे दोनशे. बाहेरून हवा न कोंबता तोवर कोणाला हे साधलं नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये शर्यत झाली. एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या दारात होता. त्याचं इंजिन शर्यतीत फुटलं, आणि तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच सुमारास त्याचं कुटुंब गुपचूप पश्चिमेत पोचवण्यात आलं. बर्लिनची भिंत उभी राहून महिनाच झाला होता हे लक्षात घ्या. डेग्नर जपानच्या सुझुकीकडे गेला, सोबत एमझेडचं ज्ञान घेऊन, आणि १९६२ मध्ये पन्नास सीसी गटात सुझुकीला त्याने जगज्जेतेपद मिळवून दिलं. काडेन मात्र तिथेच, त्याच कारखान्यात काम करत राहिला. पाइपाची कल्पना जगभर गेली, त्या माणसाचं नाव फार उशिरा गेलं. आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा काही जण डेग्नरला चोर म्हणतात, काही जण बंडखोर. त्या वर्षी, त्या देशात राहणाऱ्या माणसाला इथे बसून असं एका शब्दात निकालात काढणं आम्हाला जमत नाही.

छोट्या इंजिनांत हा पाइप १९६६ साली गाजला. इंग्लंडात स्विंडरबीला तारेवर फिरणाऱ्या विमानांची जागतिक स्पर्धा होती. अमेरिकेच्या बिल विस्नेव्स्की यांनी अडीच सीसीच्या इंजिनाला असा पाइप लावून आणला होता. त्यानंतर पाइपाशिवाय वेगाच्या शर्यतीत उतरण्यात अर्थ राहिला नाही.

आपण इथे एक हिशेब करू, कारण त्याशिवाय गंमत कळणार नाही. तीस हजार फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला पाचशे. एका फेऱ्याला दोन मिलिसेकंद. धुराची खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी असते, म्हणजे एक मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लहर सेकंदाला सुमारे पाचशे मीटर जाते, म्हणजे एका मिलिसेकंदात अर्धा मीटर. तिला जाऊन परत यायचं आहे, म्हणून पाव मीटर जाणं आणि पाव मीटर येणं. पाइपाची लांबी निघाली पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. आता ही पट्टी घ्या आणि टेबलावरचा पाइप मोजा. कागदावरचं गणित आणि हातातला धातू असे जुळतात तेव्हा आम्हाला अजूनही अंगावर काटा येतो.

बोटीचं इंजिन वेगळं का

विमानाचं इंजिन उचलून बोटीत बसवलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही.

आधी थंड ठेवण्याचा प्रश्न. विमानाला समोरून वारा मिळतो. बोटीचं इंजिन झाकणाखाली बंद असतं. म्हणून डोक्याभोवती पाण्याचं कवच असतं. मागे पाण्यात बुडालेल्या नळीत वेगामुळे पाणी शिरतं, कवचातून फिरतं, बाजूने पिचकारीसारखं बाहेर पडतं. पंप नाही. ती पिचकारी बंद दिसली की काठावरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट भाराची. विमानाचा पंखा कायम हवेत असतो. बोट लाटेवरून उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, भार एकदम शून्य होतो, इंजिन किंचाळत वर जातं. पुढच्याच क्षणी पंखा पाण्यात आपटतो. कनेक्टिंग रॉड हे किती वेळा सोसणार? तो तुटला की क्रँककेसला भोक पाडून बाहेर येतो.

तिसरी गोष्ट, गंज. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि नायट्रोमिथेन जळताना आम्ल तयार होतं. शर्यत संपल्यावर तेल न घालता इंजिन तसंच ठेवलं तर आठवड्याने बेअरिंग तपकिरी झालेली सापडते. ही चूक आम्ही केली आहे, एकदा नव्हे, दोनदा.

आणि पिस्टन. इतक्या लहान इंजिनात पिस्टनला रिंग न घालता चालवायची पद्धत आली. अॅल्युमिनिअमचा पिस्टन, पितळेची नळी आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'एबीसी' म्हणतात. नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, इतकी की थंड इंजिनात पिस्टन वर जाऊन अडकतो. सवय नसलेला माणूस म्हणतो, इंजिन जाम आहे, परत करा. पण वरचं टोक सगळ्यात जास्त तापतं, पितळ तिथे फुगतं, आणि चालत्या इंजिनात नळी बरोबर सरळ होते. म्हणजे कारागिराने थंड धातूत जो आकार द्यायचा तो चुकीचा दिसणारा, गरम झाल्यावर बरोबर होणारा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इथला हिशेब त्याच्याही छोट्या भागांत चालतो.

दरम्यान शर्यतही बदलली होती. १९५९ मध्ये नाविगा ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. रेडिओ नियंत्रण आलं, तार गेली. आता साडेतीन, साडेसात आणि पंधरा सीसी असे गट आहेत. एका प्रकारात इंग्रजी 'एम' अक्षरासारख्या मार्गावर अनेक बोटी एकाच वेळी अर्धा तास धावतात, मध्ये काठावर येऊन इंधन भरतात. खांबाभोवतीच्या शर्यतीत इंजिन काही क्षण जगलं तरी पुरे होतं. इथे अर्धा तास जगावं लागतं.

सोळा टक्के

आता आजच्या प्रश्नाकडे.

नायट्रोमिथेनपासून स्फोटकं बनवता येतात. दहशतवादी हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने अशा पदार्थांच्या विक्रीवर नियम केले. २०१३ च्या नियमात सामान्य माणसाला वजनाने तीस टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण घेता येत होतं. २०१९ च्या नियमाने ही मर्यादा सोळा टक्क्यांवर आणली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ती लागू झाली. त्यापुढे परवाना लागतो, तोही देश देईल तर. आणि हे सोळा टक्के वजनाने. नायट्रोमिथेन जड असल्यामुळे मापाने ते बाराच टक्क्यांच्या आसपास भरतं.

या नियमाला आम्ही नावं ठेवणार नाही. माणसांचे जीव आणि बोटींची शर्यत यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण इंजिन करणाऱ्यांपुढे जे उभं राहिलं ते समजून घेऊ.

ढोबळ हिशेब असा. मघाचेच आकडे घ्या, तेल अठरा टक्के धरा. तीस टक्के नायट्रो असताना एक किलो हवेमागे सुमारे ३.५६ मेगाज्यूल मिळतात. सोळा टक्के केले की ३.३० वर येतो. साधारण सात टक्के घट. तुम्ही म्हणाल, सातच ना? अर्ध्या तासाच्या शर्यतीत सात टक्के म्हणजे दोन मिनिटांहून अधिक.

आणि खरी अडचण त्या सात टक्क्यांतही नाही. तीस टक्क्यांसाठी जन्मलेलं इंजिन सोळावर नुसतं अशक्त होत नाही, ते बेसूर होतं. नायट्रो कमी झालं की मिश्रण उशिरा आणि संथ पेटतं, म्हणून दाब वाढवावा लागतो. डोक्याखालच्या चकत्या काढा किंवा डोकंच नव्याने कापा. पेटण्याची वेळ बदलली की धुराचं तापमान बदलतं. तापमान बदललं की लहरीचा वेग बदलतो. म्हणजे पाइपाची लांबी बदलली. पाइप बदलला की खिडक्यांची उंची पुन्हा तपासा. मिथेनॉलला हवा जास्त लागते, म्हणजे इंधन कमी लागतं, म्हणून सुई आणि कार्ब्युरेटर नव्याने जुळवा. प्लगची तार कोणत्या जाडीची, हेही पुन्हा पाहा. एक धागा ओढला की सगळं विणकाम हलतं.

म्हणून अशा वेळी नवं इंजिन करणं म्हणजे कोरा कागद घेऊन बसणं नसतं. जुनं इंजिन बाकावर बांधायचं, एका वेळी एकच माप बदलायचं, चालवायचं, लिहून ठेवायचं. खिडकी दोन अंशांनी वर. पाइप तीन मिलिमीटर आत. पुन्हा चालवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाचा झाला ते कळत नाही. मोह खूप होतो, दिवस मावळत असतो, इंधन महाग असतं, तरी एकच बदलायची. यात किती पिस्टन भंगारात जातात ते सांगत बसत नाही.

पण उमेदीची बाब अशी की वाट अगदी अनोळखी नाही. तारेवर फिरणाऱ्या विमानांच्या जागतिक वेगस्पर्धेत, विस्नेव्स्की यांच्याच त्या गटात, इंधनाचा नियम आहे: ऐंशी टक्के मिथेनॉल, वीस टक्के तेल, नायट्रो शून्य. आणि तरी अडीच सीसीची ती विमानं ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास उडतात. नायट्रो काढून घेतलं म्हणून तिथले लोक रडत बसले नाहीत. त्यांनी खिडक्या, पाइप आणि दाब यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. बोटवाल्यांनी मात्र नायट्रोच्या जोरावर काही प्रश्न बाजूला ठेवले होते, ते आता सोडवावे लागत आहेत.

मग विजेची का नको?

हा प्रश्न येणारच होता, आणि मागून आता आलाच. विजेची मोटर स्वस्त, शांत, लगेच सुरू होणारी, बहुतेक वेळा वेगवानही. मग कशाला हा खटाटोप?

याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, नुसता वेग हवा असेल तर विजेची घ्या. अनेकांनी घेतली. तळ्याकाठच्या लोकांना आवाज नको असतो, तेही बरोबर आहे. हा खेळ पूर्वीच्या थाटात परत येईल असं आम्हाला वाटत नाही.

पण हरवतं काय ते पाहू. आपल्याकडे एनसीसीच्या मुलांना विमानांची आणि जहाजांची मॉडेल्स करायला शिकवतात. कितीतरी जणांनी पहिलं इंजिन हातात धरलं ते तिथे. एरंडेलाचा तो जळका वास, बोटाला बसलेला पंख्याचा फटका, आणि पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हाची आरोळी, हे त्यांना जन्मभर आठवतं. मोटर बिघडली तर आपण ती बदलतो. इंजिन बिघडलं तर आपण ते उघडतो. उघडल्यावर दिसतं की पिस्टनवर एका बाजूला रेघ का उठली, प्लगची तार राखाडी का झाली. धातू तक्रार करतो आणि ती वाचता येते. हे वाचन पुस्तकात मिळत नाही. ज्याला येतं त्याच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. कोल्हापूर असो, पुणे असो, लेथवर आयुष्य घालवलेली माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते समजेल.

काडेनकडे पैसा नव्हता, पण पाइप सापडला. बॅटरी जड होती, म्हणून प्लॅटिनमची तार सापडली. सीसी बांधलेले होते, म्हणून हवेचा हिशेब सापडला. आता नायट्रो बांधलं आहे. यातून काय सापडेल ते कुठल्यातरी छोट्या कारखान्यात, कुणीतरी वहीत आज लिहीत असेल. ती वही पुढच्या माणसाच्या हाती पडेल की नाही, एवढीच आम्हाला काळजी आहे. तुमच्या घरी, तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीत अशा मापांच्या वह्या असतील, कुठल्याही यंत्राच्या असोत, तर त्या रद्दीत घालू नका. एवढं सांगायलाच आज आलो होतो.

आता बाहेर अंगणात मोठी परात ठेवली आहे आणि पत्र्याची बोट आणली आहे. आधी तिच्यात दिवा लावू. मग ज्यांना ऐकायचं असेल त्यांच्यासाठी हे इंजिन बाकावर चालवून दाखवू. लहान मुलांनी दूर उभं राहायचं आणि सगळ्यांनी कानात कापूस घालायचा.